छोट्या मेटल लेथवर पूल क्यूचं काम : स्पिंडलचं भोक मोठं करू का?

गिरमिट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ७×१४ चा (७ इंची, सेंटरमध्ये १४ इंच) मिनी लेथ आहे, आजवर त्यावर बुश, स्पेसर, पिना असलंच फुटकळ काम केलंय. आता पूल क्यूच्या (बिलियर्डसारख्या पूल खेळाच्या काठीच्या) रिपेअरमध्ये हात घालायचा विचार आहे, म्हणजे टिप (टोकाचं चामडं) आणि फेरूल (टिपखालची नळी) तर आलंच पण पुढे जॉइंटची पिन बसवणं आणि जमलं तर शाफ्ट (टिपकडचा तुकडा) घरीच टर्न करणं. अडचण लांबीची. क्यू दोन तुकड्यांत सुटतो हे खरं, पण एकेक तुकडा २९ इंच म्हणजे ७३५ मिमीच्या वर, आणि लेथचं सेंटर टू सेंटर ३५०. म्हणजे निम्मा जॉब हेडस्टॉकमधून (लेथच्या डाव्या डोक्यातून) मागे गेलाच पाहिजे. स्पिंडलचं (त्यातल्या फिरत्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमी, शाफ्ट जॉइंटपाशी साडेएकवीसच्या आसपास भरतो आणि बटचं (मागच्या तुकड्याचं) बूड तर ३१-३२. व्हिडिओत लोक सरळ स्पिंडल काढून भोक मोठं करताना दिसतात. करून टाकू का? की लेथच बदलावा? बाकी काय काय मॉडिफिकेशन लागेल तेही सांगा, कामाचा कंटाळा नाही.

शून्य_रनआऊट
स्पिंडलला हात लावू नकोस. या लेथच्या स्पिंडलवर ६२०६ बेअरिंग असतात, त्यांचा आतला व्यास ३०. भोक २० म्हणजे भिंत ५ मिमी, ते तू २२ केलंस की भिंत राहिली ४, आणि एवढं करून मिळालं काय तर दोन मिमी. बट तरीही जात नाही. आणि जॉइंटसाठी हे दोन मिमी लागतच नाहीत, का ते सांगतो.

आधी चक मोजून बघ. लेथबरोबर येतो तो ८० मिमीचा थ्री जॉ चक (जॉब तीन जबड्यांत धरणारा), त्याचं आरपार भोक १६ मिमीच असतं. म्हणजे अडतंय ते चकपाशी, स्पिंडलपाशी नाही. १०० मिमीचा चक घेतलास तर भोक २२ मिळतं, त्याला बॅकप्लेट लागेल, ती तुझ्याच लेथवर फेस करून रजिस्टर काढून घे. स्पिंडलचं तोंड एमटी ३ (मोर्स टेपर नंबर ३) टेपरचं आहे, तोंडाशी व्यास २३.८, आणि तो आत ७५-८० मिमी गेल्यावर हळूहळू २० वर येतो. आता शाफ्ट बघ. समजा टिपकडून बारा इंच १३ मिमी सरळ आहे आणि पुढच्या सतरा इंचात तो साडेएकवीसपर्यंत जाडावतो, म्हणजे दर इंचाला अर्धा मिमी. २० मिमी जाडी येते ती जॉइंटच्या तीन इंच अलीकडे. जॉइंट चकमध्ये धरलास की ती तीन इंच अलीकडची जागा अजून चकच्या पोटात किंवा टेपरच्या रुंद तोंडात असते, आणि स्पिंडलच्या खऱ्या २० च्या भोकात जाईपर्यंत शाफ्ट साडेअठरावर आलेला असतो. निवांत बसतो.

गिरमिट
आत्ता मोजलं. १६ च आहे!! मी इतके दिवस स्पिंडलकडेच बघत बसलो होतो. मग टिपच्या कामाला हाच चक चालेल ना? टिप पुढे असेल तेव्हा पुढचा भाग १३ चाच आहे.

शून्य_रनआऊट
चालेल. टिपकडचं टोक मागून घालून पुढे आणायचं. १६ मिमी जाडी टिपपासून अठरा इंचांवर येते, तिथपर्यंत तो चकमधून जातो, तुला तर चकपुढे फक्त ४०-५० मिमी काढायचाय. चक बदलायची गरज जॉइंट पुढे असेल तेव्हाच. सुरुवात टिप-फेरूलने करणार असशील तर आज काहीही विकत घेऊ नकोस.

भुसाभाऊ
+१ वरच्याला. फक्त एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. टिप पुढे काढलीस की मागे गिअर कव्हरच्या बाहेर शाफ्टचा ४०० मिमीच्या आसपास तुकडा लोंबकळत राहतो आणि तोही जाड बाजूचा, त्यातही बऱ्याच शाफ्टना जॉइंटला धातूची कॉलर किंवा इन्सर्ट असतो म्हणजे वजन अगदी टोकाला. ते मोकळं ठेवून मशीन पळवलं तर एका ठरावीक आरपीएमला ते टोक एकदम बाहेर फेकलं जातं, वाकतं, आणि मग लाकूड तुटून कुठे जाईल ते सांगता येत नाही. हळूहळू वाढतंय असं कळतही नाही, ठीक चाललंय ठीक चाललंय आणि मग धाडकन. तेव्हा मागचा आधार आधी बनव, पहिली टिप त्यानंतर. आणि मशीन चालू करताना नॉब कायम शून्यावरून वर न्यायचा, मागच्या सेटिंगवर डायरेक्ट चालू करायचं नाही. मागच्या बाजूला उभं राहायचं नाही, पोरंबाळं असतील तर तिकडून फिरू द्यायचं नाही.

गिरमिट
भुसाभाऊ धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं. मागचा आधार म्हणजे नक्की काय बनवायचं?

शून्य_रनआऊट
दोन गोष्टी, आणि दोन्ही लागतात. एक स्पिंडलच्या मागच्या तोंडाशी, जी शाफ्टला स्पिंडलच्या मध्यावर धरेल. दुसरी त्याच्याही मागे, जी लोंबणारं टोक सावरेल.

पहिली, स्पायडर. एक रिंग टर्न करायची, स्पिंडलच्या मागच्या टोकावर घट्ट बसणारी, तिला नव्वद नव्वद अंशांवर चार आटे पाडून चार स्क्रू, स्क्रूच्या टोकाला नायलॉन किंवा पितळेची गुंडी म्हणजे लाकडावर वण उठत नाही. स्क्रू बाहेर फार डोकावू देऊ नकोस, फिरताना बाही अडकते, ग्रब स्क्रूच घे. गिअर कव्हरच्या भोकात सगळं घासतंय का तेही हाताने फिरवून बघ. दुसरी, लेथच्या डावीकडे त्याच टेबलावर एक स्टँड, त्यात बेअरिंग, बेअरिंगमध्ये डेल्रिनचं (कडक प्लास्टिकचं) बुश, त्यातून शाफ्टचं शेपूट. स्टँडची उंची खालीवर आणि आडवी सरकवता आली पाहिजे, नाहीतर तोच शाफ्टला वाकवतो आणि पुढे डायल (हलणं मोजणारं घड्याळ) नाचत बसतो.

आता यातलं मुख्य. लाकूडकामात कटिंगला काही जोर लागत नाही, तुझा लेथ हवं तेवढं कापेल. सगळी अक्युरसी पकडण्यात आहे. थ्री जॉ चक शाफ्टला एका जागी धरतो, आणि शाफ्ट टेपर असल्यामुळे तीही पूर्ण पकड नसते, जॉच्या एका कडेला टेकतो आणि दुसरीकडे फट. त्यामुळे पकड दोन जागी हवी, पुढे चक आणि मागे स्पायडर. पुढे डायल लावून जॉपाशी रनआऊट (फिरताना सेंटरपासून किती हलतो ते) बघायचा, मग डायल टोकाकडे सरकवून परत बघायचा. जॉपाशी चांगला आणि टोकाला वाईट असेल तर मागचे स्क्रू फिरव. जुन्या शाफ्टमध्ये थोडाफार बाक असतोच, त्यामुळे मागचं टोक शून्यावर आणायच्या नादाला लागू नकोस, मागे गरगर फिरलं तरी चालेल, ज्या पुढच्या तुकड्यावर टूल लागणार आहे तेवढा सरळ फिरला पाहिजे. ०.०३ मिमीच्या आत आलं की मी कामाला लागतो.

चॉकनिळा
मी फक्त रिपेअरच करतो, आणि सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट म्हणजे चिरलेली डेल्रिन बुशं. चकचे जॉ डायरेक्ट शाफ्टवर लावायचेच नाहीत, फिनिशवर तीन चट्टे उठतात आणि मग गिऱ्हाईक टिप बघत नाही चट्टेच बघतं.

बनवायची अशी. ३५ मिमीचा डेल्रिनचा गोल रॉड, चकमध्ये धरून बाहेरून हलका साफ करायचा, पुढे दोन तीन मिमीची कॉलर ठेवायची म्हणजे बुश जॉच्या आत घसरत नाही. मग बुश त्याच चकमध्ये धरलेलं असतानाच आतून बोरिंग करायचं, नुसतं ड्रिल नाही, ड्रिल भटकतं. १३ च्या शाफ्टला आत १३.१ ठेवतो. बाहेर काढायच्या आधी एक नंबरच्या जॉसमोर मार्करने खूण, मग हॅकसॉने एका बाजूने आरपार चीर. पुन्हा लावताना खूण त्याच जॉसमोर. चकचा स्वतःचा रनआऊट बोरिंग करतानाच खाल्ला गेलेला असतो त्यामुळे साधा थ्री जॉ सुद्धा चांगला रिझल्ट देतो. १२ पासून १४ पर्यंत पाव पाव मिमीच्या फरकाने एक सेट करून डब्यात ठेव. जॉइंटच्या बाजूला आतलं भोक थोडं टेपर बोअर केलं तर उत्तमच, कंपाउंड स्लाइड अर्धा अंश वळवून होतं.

ईआर कोलेटच्या (चिरा असलेल्या नळीसारख्या पकडीच्या) नादाला लागू नकोस असं माझं मत. ईआर ३२ वीसलाच संपतं, जॉइंट बसत नाही. ईआर ४० मध्ये २६ पर्यंत जातं पण टेपर जॉबवर कोलेट नीट बसत नाही ते नाहीच. सरळ दंडगोल कामाला कोलेट मस्त.

मोठं_भोक
सगळ्यांचं वाचतोय आणि थोडा असहमत आहे. तुम्ही सगळे शाफ्टबद्दल बोलताय. बटचं काय? बटला बंपर (बुडाचं रबर) बसवायचा, बट कॅप बदलायची, जॉइंटची पिन बदलायची, ही कामं पण येतात. बट ३२ मिमी, तो २० काय २२ काय, कशातूनच जात नाही. मी ७ इंची लेथचा हेडस्टॉकच बदललाय, जाड ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये नवा, आत ६०१० बेअरिंग दोन, ५० मिमी बोअरचे, स्पिंडल म्हणजे जाड भिंतीचा पाइप, आत ३६ चं भोक. पट्टा आणि पुली, मूळचा मोटर तोच. दोन्ही टोकांना चक. बट एका बाजूने घालतो दुसऱ्या बाजूने काढतो. ज्याला सिरियसली क्यू काम करायचंय त्याने एकदाच काय ते करून टाकावं.

शून्य_रनआऊट
मोठं_भोक, तुमचं काम आधी पण बघितलंय, झकास आहे, पण धागाकर्त्याने स्पिंडल बोअर करू का असं विचारलंय, तुम्ही सांगताय तो अख्खा नवीन हेडस्टॉक आहे. दोन्हींत फरक आहे. नव्या हेडस्टॉकला सेंटरची उंची बेडशी जुळवायची, स्पिंडल बेडला दोन्ही दिशांनी समांतर आणायचा, आणि आटे पाडायचे असतील तर गिअर ट्रेन पुन्हा जुळवायची. आटे पाडायची सोय ठेवलीये का तुम्ही?

मोठं_भोक
नाही. आटे टॅपनेच. त्यासाठी दुसरा लेथ आहे.

शून्य_रनआऊट
हेच म्हणतोय. :)

भुसाभाऊ
दोघेही बरोबर आहात, भांडू नका. ज्याच्याकडे एकच लेथ आहे त्याने तो मोडून ठेवू नये एवढंच. बटसाठी मधला मार्ग आहे, बेअरिंगचा स्टेडी, म्हणजे फिरत्या जॉबला बेडवरून दिलेला आधार. लेथबरोबरच्या स्टेडी रेस्टला पितळेची तीन बोटं असतात, ती लाकडावर वापरायची नाहीत, घर्षणाने फिनिश जळतं आणि काळी रिंग पडते. बोटांच्या टोकाला छोटे बेअरिंग लावतात काही जण, ते पण मधे एखादा कण आला की लाकडात चर पाडतात. त्यापेक्षा एक मोठा बेअरिंगच घ्यायचा, ६०१० च चालेल, बाहेरून ८० आतून ५०, त्याचं घर बनवायचं आणि आत चिरलेलं डेल्रिन बुश जे क्यूबरोबर फिरतं. लाकडावर काहीच घासत नाही. बट ३२ असला तरी बुशला ९ मिमी भिंत राहते.

घराचं भोक नेमकं स्पिंडलच्या सेंटरवर यायला हवं, ते मोजून मापून येत नाही, लेथवरच काढायचं. ब्लॉकला आधी बेडवर सरकणारा पाय करून घे, मग बोरिंग बार चक आणि टेलस्टॉक (उजव्या टोकाचा आधार) सेंटरच्या मधे धर, ब्लॉक त्या बारवर ओवून बेडवर ठेव आणि कॅरेजला (टूल घेऊन सरकणाऱ्या भागाला) जोडून कॅरेजनेच हळूहळू ढकल. ब्लॉक बेडवरून सरकतोय, कटर मधे फिरतोय, त्यामुळे भोक उंचीला आणि दिशेला आपोआप बरोबर येतं. शेवटचे कट बारीक घे, बेअरिंग हाताने दाबून बसला पाहिजे, ठोकून नाही.

गिरमिट
हे भारी आहे. पण स्टेडी असला तरी बट २९ इंच, बेड १४. स्टेडी ठेवणार कुठे?

भुसाभाऊ
बेड संपतो तिथे जग संपत नाही. :) टेलस्टॉक काढ, लेथ एका लांब जाड चॅनलवर बसव, बेडच्या रेषेत पुढे त्याच चॅनलवर स्टेडी. पण मग कॅरेज तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे फार तर सँडिंग, पॉलिश, रॅपचा (मुठीवरचा) दोरा गुंडाळणं होतं. बटच्या बुडाला खरोखर टूल लावायचं असेल तर एकतर बेड वाढव, दुसरा बेड टोकाला टोक जोडून, किंवा मोठं_भोक म्हणतात ते. बेड जोडणं ऐकायला सोपं वाटतं, पण दोन्ही बेडच्या व्ही एका रेषेत आणायला शिम घालत डायल बघत दिवस जातात आणि लीडस्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) व रॅकही लांब करावा लागतो.

गिरमिट
ओके. बट तूर्तास बाजूला. शाफ्ट टर्निंगचं काय? टेलस्टॉक ऑफसेट करून टेपर होतो ना, कॉलेजात शिकवलं होतं.

शून्य_रनआऊट
शिकवलं होतं ते शंकूसाठी. साडेएकवीस वजा तेरा भागिले दोन, सव्वाचार मिमी ऑफसेट, हिशोब सोपा आहे. पण शाफ्ट म्हणजे एकसारखा शंकू नसतो. टिपकडचे दहा ते चौदा इंच जवळजवळ सरळ आणि नंतर टेपर, खेळताना ब्रिजच्या (क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या) बोटांतून शाफ्ट सरकतो तिथे जाडी बदललेली लागायला नको म्हणून. ऑफसेटने हा आकार येत नाही. कंपाउंड स्लाइडचा प्रवास तर दोन इंचाच्या आसपास, ती विसर. आणि मुळात २९ इंचाचा जॉब ३५० च्या सेंटरमध्ये बसतच नाही हे आधीच ठरलंय.

आटेपाडू
टेपर बार लावला तर? बेडच्या मागे पट्टी, क्रॉस स्लाइडचा स्क्रू काढून टाकायचा, स्लाइडला मागे बेअरिंग फॉलोअर आणि स्प्रिंगने तो पट्टीला चिकटलेला. टूलपोस्टच्या जागी राउटर. मोठ्या लेथवर असंच करतात.

शून्य_रनआऊट
कल्पना बरोबर, क्यू लेथ असेच असतात, कॅरेज छोट्या गिअर मोटरवर आणि राउटर पट्टीच्या मागोमाग. पण ७×१४ ला कॅरेजचा प्रवास बेडच्याही लांबीएवढा नाही. अर्धा शाफ्ट करून उलटा करून उरलेला करायचा तर मधे जोड दिसतो, तो सँडिंगने घालवताना गोलाई जाते. मी सरळ म्हणेन की टेपरचं मशीन वेगळं बनव. प्लायचा लांब खोका, आत शाफ्ट दोन सेंटरमध्ये, एका टोकाला हळू फिरणारी गिअर मोटर, खोक्याच्या दोन्ही कडा शाफ्टच्या आकाराने उतरत्या कापलेल्या आणि त्यावरून सरकणारी राउटरची पाटी. कडांचा आकार एकदा नीट कानस मारून आणलास की प्रत्येक शाफ्ट तसाच येतो. मेटल लेथ मोकळा राहतो.

रंधेवाला
लाकडाच्या बाजूने थोडं. शाफ्टला हार्ड मेपल, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ असलेला आणि नीट वाळलेला, ६ ते ८ टक्के ओल. तरीपण एका दमात २५ च्या गोलावरून १३ वर आणायचा नाही. लाकडात ताण अडकलेला असतो, वरचा थर काढला की तो मोकळा होतो आणि शाफ्ट वाकतो. म्हणून थोडं टर्न करायचं, उभा टांगून ठेवायचा, काही आठवड्यांनी परत थोडं, परत टांगायचा. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा कमी. शेवटच्या पासला दोन तीन दशांश मिमी राहिलं पाहिजे. मधल्या टप्प्यात जो वाकला तो बाजूला, त्याला पुन्हा सेंटर मारून सरळ करायचा मोह होतो, तो तेवढ्यापुरता सरळ दिसतो आणि पुढच्या टांगणीत परत वाकतो.

आणि राउटरची दिशा. कटर आणि शाफ्ट समोरासमोर कापतील असं ठेवा, म्हणजे कटर शाफ्टला ओढून घेणार नाही. शाफ्ट हळू, राउटर पूर्ण वेगात, वीस हजारांच्या वर. धार गेली की मेपल लगेच सांगतो, पृष्ठभागावर लव उभी राहते.

आटेपाडू
आता माझा विषय. जॉइंट पिन. ३/८-१० ची (३/८ इंच जाड, इंचाला १० आटे) पिन घेतली तर शाफ्टमध्ये भोक सेंटरला आणि सरळ हवं. ड्रिल बारीक घ्यायचं, मग छोट्या बोरिंग बारने मापाला आणायचं, हे चॉकनिळा म्हणाले तेच, ड्रिल लाकडाच्या रेषेबरोबर पळतं. मग टॅप टेलस्टॉकमध्ये धरून स्पिंडल हाताने फिरवायचा, मोटर नाही. पहिल्यांदा आटे पाडून झाले की पातळ सायनो (सुपरग्लू) मुरू द्यायचा, पूर्ण वाळल्यावर टॅप परत फिरवायचा, लाकडाचे आटे कडक आणि स्वच्छ होतात. पिन बटमध्ये एपॉक्सीने बसवताना पिनच्या अंगावर उभी बारीक खाच ठेवायची, नाहीतर भोकाच्या तळाशी हवा आणि एपॉक्सी कोंडते, पिन घट्ट बसली असं वाटतं आणि सकाळी ती वर आलेली असते किंवा लाकूड उकललेलं.

टॅप नको असेल तर दुसरा मार्ग, छोटा हाय स्पीड ग्राइंडर टूलपोस्टवर, त्याला ६० अंशाचा बारीक कटर, हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा) गुंतवलेला, आणि स्पिंडल हाताने हळू फिरवायचा. कटर पळतोय त्यामुळे लाकूड फाटत नाही.

गिरमिट
हाताने फिरवायला स्पिंडलच्या मागे हँडल लावतात ना? पण मागून तर शाफ्ट बाहेर आलेला असणार!

आटेपाडू
शाब्बास, बरोबर पकडलंस. त्यासाठी हँडल लीडस्क्रूच्या उजव्या टोकाला लाव. गिअर ट्रेन गुंतलेली असते त्यामुळे लीडस्क्रू फिरवला की स्पिंडल फिरतो, फिरवायलाही हलकं जातं. हाय-लो लिव्हर मधे न्यूट्रलला ठेव म्हणजे मोटर ओढावी लागत नाही, आणि प्लग भिंतीतून काढलेला पाहिजे, नुसतं बटण बंद नको.

गिअरचं बघ. लीडस्क्रू १६ टीपीआय (इंचाला १६ आटे) असेल तर १० टीपीआयला ८ ला ५, सरळ गणित. १.५ मिमी पिचचा असेल तर नेमकं गुणोत्तर १२७ ला ७५ येतं, आणि १२७ दातांचा गिअर त्या कव्हरमध्ये मावत नाही. त्याऐवजी ५५/६५ गुणिले ४०/२० लाव, पिच २.५३८ येतो, हवा २.५४. एक इंचात फरक दीड शतांश मिमी, लाकडाला काहीही कळत नाही. बॅन्जोवर (गिअर बसवायच्या पट्टीवर) बसतात का तेवढं बघ, तुझ्या सेटमध्ये हे गिअर असतील बहुतेक.

मोठं_भोक
दीड शतांश लाकडात ठीक. पण शाफ्टमध्ये पितळेचा इन्सर्ट असेल तर पिन लांब असताना जाणवेल.

आटेपाडू
पितळेच्या इन्सर्टला मी टॅपच मारतो. सेटिंग करत बसण्यात अर्थ नाही.

चॉकनिळा
फेरूलबद्दल दोन ओळी. जुनं फेरूल ओढून उपटायचं नाही, टर्न करत करत संपवायचं, आतली लाकडाची टेनन (फेरूलमध्ये जाणारी खुंटी) शाबूत राहते. नवीन फेरूल मुद्दाम थोडं जाड ठेवून चिकटवायचं, वाळलं की शाफ्टच्या लेव्हलला आणायचं. तेव्हा शाफ्टवर फेरूलला लागून मास्किंग टेपचा एक वेढा मार, टूल टेपला खरचटलं की थांब, उरलेलं ४०० आणि ६०० च्या पेपरने. टूल एचएसएस, वरून चांगला तिरका उतार देऊन घासलेलं, दगडावर धार काढलेलं. इन्सर्टच वापरायचा असेल तर ॲल्युमिनियमसाठीचा पॉलिश केलेला, स्टीलवाला इन्सर्ट लाकूड आणि फेनॉलिक दोन्ही चेपतो. टिपला धार अजून जास्त लागते, चामडं दाबलं गेलं की कडेला मिशा फुटतात. टिपचा गोलवा डाइमचा की निकेलचा (ही अमेरिकन नाणी) ते गिऱ्हाइकाला विचार, डाइम म्हणजे त्रिज्या ९ च्या जवळ आणि निकेल साडेदहाच्या.

भुसाभाऊ
आणि साफसफाई! मेटल लेथवर लाकूड करताना सगळ्यात आधी तेल पुसून काढायचं. बेडवरचं तेल आणि भुसा मिळून घासायची पेस्ट तयार होते, गिब आणि लीडस्क्रूची वाट लागते. बेडवर कोरडं मेण लाव. कॅरेजवर कपडा नको, तो चकमध्ये ओढला जातो, जाड कागद किंवा पातळ पत्रा ठेव. चकच्या जॉमध्ये जुनी लोखंडाची चूर अडकलेली असते ती ब्रशने काढ, पांढऱ्या मेपलवर तेलाचा किंवा लोखंडाचा काळा डाग बसला की तो सँडिंगनेही पूर्ण जात नाही. या लेथची मोटर ब्रशवाली असेल तर तिच्या जाळीतून बारीक भुसा आत जातो, कंट्रोल बोर्डवर पण बसतो, म्हणून व्हॅक्यूमची नळी टूलच्या अगदी शेजारी बांध. आणि मास्क. कोकोबोलोसारख्या लाकडाची धूळ अंगावर पुरळ आणते, आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही.

गिरमिट
सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं, स्पिंडल आहे तसाच. पहिले स्पायडर, मागचा स्टँड, मग डेल्रिनची बुशं आणि तोवर फक्त टिप-फेरूल. १०० चा चक जॉइंटचं पहिलं काम आलं की. टेपरसाठी खोका, पण तो पुढच्या थंडीत, लाकूड मात्र आत्ताच आणून टांगतो. मोठं_भोक, तुमच्या हेडस्टॉकचे फोटो वेगळ्या धाग्यात टाका ना.

जाता जाता एक, स्नूकरचा क्यू आला तर? तो तर अख्खा एकच असतो किंवा थ्री क्वार्टर (पाऊण लांबीवर जोड असलेला).

चॉकनिळा
टिपला काही फरक नाही, साडेनऊ-दहाचं एक बुश वाढव. फेरूल पितळेचं असतं आणि लाकूड बहुतेक वेळा ॲश, त्याच्या उघड्या रेषांत पितळेची चूर भरते, म्हणून फेरूल लेव्हल करायच्या आधी रेषांवर टेप. अख्खा क्यू असेल तर मागे मीटरभराच्या वर बाहेर येतो, एक स्टँड पुरत नाही, दोन लाव आणि भिंत किती लांब आहे ते आधी मोज.

मोठं_भोक
फोटो टाकतो रविवारी.